ऊसतोड मजुरांच्या स्थलांतराची आकडेवारी कुठून घ्यायची? पीएचडीसाठी मदत हवीय

बालाघाटची_पोर

नमस्कार सगळ्यांना. मी समाजशास्त्रात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष आहे. विषय आहे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, त्यांचं आरोग्य आणि मागे राहिलेल्या किंवा बरोबर नेलेल्या मुलांची शाळा. तालुके धरलेत वडवणी, धारूर, शिरूर कासार, म्हणजे आमच्याच डोंगरपट्ट्यातले. फील्डवर्क मी करणारच आहे, त्याची अडचण नाही, ओळखी आहेत, माझ्या घरातली माणसं तोडीला जात आलीत. अडचण आहे ती सेकंडरी डेटाच्या चॅप्टरची. गाईड म्हणतात आधी हे दाखव की बीडमधनं एकूण किती लोक जातात, गेल्या वीस वर्षांत वाढले का कमी झाले, मग पुढचं बोलू.

आता पेपर उघडला की एक म्हणतो राज्यात आठ लाख ऊसतोड मजूर, दुसरा म्हणतो बारा, तिसरा चौदा, आणि कुणीच सांगत नाही हा आकडा आला कुठनं. मी २०११ च्या जनगणनेचे मायग्रेशनचे टेबल काढले तर त्यात बीडमधून जाणारे असं काही दिसतच नाही, उलट बीडमध्ये येणाऱ्यांची संख्या दिसते आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका लग्न होऊन आलेल्या. एनएसएसचं (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) नाव ऐकलंय पण त्याच्या फाइल डाऊनलोड केल्यावर नुसत्या आकड्यांच्या लांबच लांब ओळी दिसतात, कॉलमच नाहीत. एनएफएचएसमध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) जिल्ह्याचं फॅक्टशीट मिळालं, त्यात गर्भाशय काढल्याचं काही नाही.

तर प्रश्न असा की सरकारी आकडेवारीत ही माणसं नक्की कुठं सापडतात? आणि फुकट मिळणारा डेटाच सांगा प्लीज, फेलोशिप वेळेवर येत नाही, विकतचे डेटाबेस परवडणार नाहीत.

---

उसाचा_पाचट

ताई सरळ सांगतो, सेकंडरी डेटाच्या नादी लागू नकोस. सरकारकडं आमच्या लोकांचा आकडा नाहीच. दसरा झाला की गावात जा, कुणाच्या दाराला कुलूप आहे ते मोज, झाला तुझा डेटा. मी स्वतः दोन हंगाम तोडीला होतो, आमच्या कोपीवर (फडातल्या झोपडीवर) कधी कुणी रजिस्टर घेऊन आलेलं बघितलं नाही.

---

आकडेमोड

पाचटभाऊ, कुलपं मोजायची कल्पना एकदम बरोबर आहे आणि तिच्यावर मी खाली येतोच, पण "आकडा नाहीच" म्हणून सोडून द्यायला नको. पीएचडीच्या समितीसमोर नुसतं नाही म्हणून चालत नाही, का नाही हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवता आलं तर तोच या पोरीचा सगळ्यात भक्कम चॅप्टर होईल.

बालाघाटची_पोर, मी बरीच वर्षं एनएसएसच्या डेटावर काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. कुठलाही आकडा उचलायच्या आधी दोनच गोष्टी बघायच्या, मोजणी कुठल्या महिन्यात झाली आणि त्या महिन्यात तुझी माणसं कुठं होती. एवढं बघितलंस की तुझा अर्धा गोंधळ जाईल.

जनगणनाच घे. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, संदर्भ क्षण १ मार्चच्या मध्यरात्रीचा. फेब्रुवारी म्हणजे गाळप हंगाम ऐन भरात. आणि जनगणनेचा नियम असा की जो माणूस मोजणीच्या त्या सगळ्या काळात घरापासून लांब आहे त्याला घरी मोजायचं नाही, तो जिथं असेल तिथं मोजायचं. म्हणजे वडवणीचं जोडपं कोल्हापूर नाहीतर सांगलीच्या फडात असेल तर ते कागदोपत्री तिथल्या गावात मोजलं जाणार, आणि तिथला प्रगणक उसाच्या फडातल्या कोप्यांपर्यंत पोचला नसेल तर कुठंच मोजलं जाणार नाही. तू बीडच्या टेबलमध्ये शोधतेयस म्हणून दिसत नाहीयेत. डी मालिकेची, म्हणजे स्थलांतराची, टेबलं माणूस जिथं सापडला तिथली असतात, तो जिथनं निघाला तिथली नसतात. म्हणून बीडसाठी तुला आलेल्या सुना दिसल्या.

मग काय करायचं, तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांची डी-२ आणि डी-३ टेबलं काढ. डी-२ मध्ये राहण्याचा कालावधी आहे, त्यात एक वर्षापेक्षा कमी हा गट बघ. डी-३ मध्ये कारण आहे, त्यात काम-रोजगार आणि कुटुंबासोबत स्थलांतर हे दोन्ही बघ, कारण तोडीला गेलेली बाई स्वतः कोयता चालवत असली तरी "नवऱ्याबरोबर आली" म्हणून दुसऱ्या खान्यात टाकलेली असू शकते. आधीचं ठिकाण मात्र तिथं "राज्यातले इतर जिल्हे" एवढंच येतं, बीड असं वेगळं येत नाही. त्यामुळे बीडचा आकडा निघणार नाही, पण साखरपट्ट्यात फेब्रुवारीत अलीकडेच आलेले ग्रामीण लोक किती, याचा अंदाज येतो. कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोटला जाणाऱ्यांसाठी तिथली टेबलं काढ, तिथं "महाराष्ट्र" वेगळं दिसतं.

आणि पुढची जनगणना, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झालीये, म्हणजे माणसं मोजायचं काम परत फेब्रुवारीतच. हे तुझ्या प्रबंधात ठळक लिही. नियम बदलणार नाही, पण फडातल्या कोप्या सुटू नयेत म्हणून साखरपट्ट्यातल्या जिल्हा प्रशासनांवर दबाव आणायची हीच वेळ आहे.

एनएसएसचं उद्या लिहितो.

---

धारूरचे_मास्तर

जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, त्यामुळं मुलांच्या बाजूचं सांगतो.

वरती मोजणीच्या महिन्याचं जे लिहिलंय ते शाळेच्या आकडेवारीला तंतोतंत लागू आहे. युडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीची, संदर्भ तारीख वर्षानुवर्षं ३० सप्टेंबर राहिली. ३० सप्टेंबरला आमच्याकडं वर्ग भरलेला असतो हो, सगळी लेकरं हजर, पट पूर्ण. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि बाकं रिकामी होतात, आणि पाडव्याच्या आसपास परत येतात तेव्हा परीक्षा तोंडावर. युडायसमध्ये हे काही उमटत नाही, तिथं गळती जवळजवळ दिसतच नाही. म्हणून कुणी म्हणत असेल की पटनोंदणी उत्तम आहे म्हणजे स्थलांतराचा शिक्षणावर परिणाम नाही, तर ते मान्य करू नका.

तुम्हाला हवी ती माहिती दुसऱ्या कागदात आहे. हंगामी वसतिगृह ही योजना आहे, आईबाप तोडीला गेले तरी मूल गावात आजीआजोबांकडं राहतं आणि त्याच्या जेवणाखाण्याची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. त्याचा प्रस्ताव पाठवताना कुठल्या मुलाचे पालक जाणार आहेत याची नावानिशी यादी करावी लागते. ती यादी मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी अशी वर जाते. म्हणजे तालुक्याच्या गट साधन केंद्रात वर्षवार, शाळावार मंजूर विद्यार्थिसंख्या मिळू शकते. दुसरं म्हणजे शिक्षण हमी कार्ड, जे मूल आईबापाबरोबर जातं त्याला ते देतात, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. किती कार्डं दिली आणि तिकडं किती मुलं खरोखर शाळेत बसली या दोन आकड्यांतलं अंतर बघा, तुमचा अभ्यास तिथंच आहे असं मला वाटतं. साखर शाळांची जुनी माहिती कारखान्याच्या बाजूच्या जिल्ह्यांकडं मागावी लागेल.

नावं नका मागू, फक्त संख्या मागा. अर्जाला विद्यापीठाचं पत्र जोडा, आणि शक्यतो जूनच्या गडबडीत येऊ नका.

---

बालाघाटची_पोर

मास्तर, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी लहानपणी अशाच यादीत होते, आजीजवळ राहून सातवी केली, पण ती यादी म्हणजे डेटा आहे हे डोक्यातच आलं नाही. खूप आभार.

आकडेमोड सर, वाट बघतेय.

---

स्टेटा_आणि_चहा

एनएसएसच्या "नुसत्या आकड्यांच्या ओळी" बद्दल मी सांगतो, सगळे नवीन लोक इथंच अडकतात. ती फिक्स्ड विड्थ टेक्स्ट फाइल असते. म्हणजे कॉलमला नावं नाहीत, स्वल्पविराम नाहीत, फक्त जागा ठरलेल्या, अमुक नंबरच्या अक्षरापासून अमुक नंबरपर्यंत राज्याचा कोड, पुढचे इतके अक्षर जिल्ह्याचा, असं. कुठून कुठपर्यंत काय हे त्याच पानावर लेआऊट नावाच्या एक्सेलमध्ये दिलेलं असतं. सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर खातं उघडायचं, ते फुकट आहे, वापर कशासाठी ते लिहायचं, मग डेटा, लेआऊट, रीडमी आणि प्रश्नावली हे चारही उतरवून एकाच फोल्डरमध्ये ठेवायचं. प्रश्नावलीशिवाय डेटा उघडूच नकोस. स्टेटा या सॉफ्टवेअरचं लायसन नसेल तर आर वापर, फुकट आहे आणि फिक्स्ड विड्थ वाचायला त्यात तयार फंक्शन आहेत.

आणि वेट! वेट लावल्याशिवाय काढलेली टक्केवारी चुकीची असते, कारण नमुन्यातलं प्रत्येक घर सारख्या संख्येच्या घरांचं प्रतिनिधित्व करत नाही. जुन्या फेऱ्यांत मल्टिप्लायर (वेटचा कॉलम) थेट वापरायचा नसतो. एनएसएस आणि एनएससी असे दोन कॉलम असतात, ते सारखे असतील तर मल्टिप्लायर भागिले १००, नसतील तर भागिले २००. हे रीडमीत एका ओळीत लिहिलेलं असतं आणि लोक तीच ओळ वाचत नाहीत.

---

आकडेमोड

स्टेटावाल्यांनी माझं काम हलकं केलं.

आता कुठली फेरी. तुझ्यासाठी सगळ्यात कामाची ६४ वी, जुलै २००७ ते जून २००८, शेड्यूल १०.२, रोजगार-बेरोजगारी आणि स्थलांतर. देशभरात सव्वा लाख घरं. यात थोड्या काळासाठी गेलेल्यांची वेगळी व्याख्या आहे: गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी किंवा काम शोधायला एक महिना किंवा जास्त पण सहा महिन्यांपेक्षा कमी गावाबाहेर राहिलेला माणूस. ऊसतोड बऱ्यापैकी यात बसते, वर्षभर पसरलेली मोजणी असल्यामुळं परत आल्यावरही विचारलं गेलं असतं. पण दोन भोकं आहेत. हंगाम लांबला आणि माणूस सहा महिन्यांवर गेला की तो या व्याख्येतनं बाहेर. आणि डिसेंबरात सर्वेक्षण करणारा गावात आला तेव्हा अख्खं घर कुलूपबंद असेल तर ते घर नमुन्यात येतच नाही, त्याच्या जागी दुसरं घर येतं जे गेलेलं नाही. ऊसतोडीत माणूस एकटा जात नाही, कोयता म्हणजेच नवराबायकोची जोडी, त्यामुळं कुलूपबंद घराचा प्रश्न इथं बांधकामावर जाणाऱ्या एकट्या गड्यापेक्षा फार मोठा आहे. पाचटभाऊंची कुलपं ती हीच.

तुला जमलं तर असं कर, त्या फेरीतली मराठवाड्याची ग्रामीण घरं उपफेरीप्रमाणे वेगळी कर, म्हणजे जुलै-सप्टेंबर, ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च, एप्रिल-जून. उन्हाळा-पावसाळ्यात विचारलेल्यांमध्ये थोड्या काळाचं स्थलांतर जास्त दिसतं आणि हिवाळ्यात कमी, असं आलं तर कुलूपबंद घरांचा परिणाम आकड्यात दिसतोय असं म्हणता येईल. नमुना लहान आहे, जपून लिहावं लागेल, पण हे कुणी बीडसाठी मांडलेलं मी वाचलेलं नाही.

बीड जिल्ह्याचा वेगळा आकडा मात्र यातनं काढू नकोस. जिल्ह्यात गावंच थोडी निवडलेली असतात. एनएसएसने महाराष्ट्राचे सहा विभाग पाडलेत, त्यातला मराठवाड्याचा विभाग ही खालची मर्यादा धर. राज्याचा स्वतःचा नमुनाही असतो, अर्थ व सांख्यिकी संचालनालय घेतं, दोन्ही एकत्र केले तर नमुना वाढतो, त्यासाठी संचालनालयाला लिहून विचार.

पीएलएफएसमध्ये (सरकारचं नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण) २०२०-२१ ला स्थलांतराचे प्रश्न आहेत आणि सगळे २८.९ टक्के हा आकडा सांगतात. तो तुझ्या कामाचा नाही. तिथं नेहमीचं राहण्याचं ठिकाण म्हणजे सलग सहा महिने राहिलेली जागा, आणि त्यातही कोविडमध्ये परत आलेले लोक. हंगामी मजूर त्या व्याख्येत बसतच नाही. जानेवारी २०२५ पासून पीएलएफएसची रचना बदललीये, जिल्हा हा निवडीचा पाया धरलाय, पुढच्या काळात जिल्ह्यापुरतं थोडं जास्त बोलता येईल.

---

ग्रंथालयातली_काकू

वीस वर्षांचा कल दाखवायचा आहे ना, मग सीमा नीट तपास बाळा. १९९१ च्या जनगणना पुस्तकात वडवणी आणि शिरूर कासार हे तालुके म्हणून सापडणारच नाहीत, ते नंतर झाले. त्यामुळे तालुक्याची तुलना तालुक्याशी न करता गावांची यादी करून गावापासून वर बेरीज करायची. गावांचे कोड दर जनगणनेला बदललेत, ते जोडून दिलेला श्रग नावाचा एक खुला डेटासंच आहे, १९९१, २००१ आणि २०११ ची गावं त्यात जुळवलेली आहेत. त्यावर डोळे झाकून विसंबू नकोस, तुझ्या तीन तालुक्यांतली गावं हाताने पडताळून घे, एकाच नावाची दोन गावं आपल्याकडे फार.

गावपातळीवर जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात सीमांतिक कामगार असा गट आहे, त्यातही तीन ते सहा महिने काम मिळालेले आणि तीन महिन्यांपेक्षा कमी असे वेगळे. डोंगरपट्ट्यातल्या गावांत हा आकडा आणि शेतमजुरांचा आकडा शेजारी ठेवून बघ.

अजून मागे जायचं असेल तर लक्षात ठेव की १९४१ आणि १९५१ चं बीड हैदराबाद राज्याच्या खंडात आहे, मुंबईच्या नाही, आणि इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे, भीर असं वाचायला येईल. मुलं मुंबई प्रांताच्या खंडात शोधत बसतात आणि नाही म्हणून परत जातात. हे खंड पुण्यात गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात बघायला मिळतात, जनगणना कार्यालयाने बरेचसे स्कॅन करून ऑनलाइनही टाकलेत.

आणि एक दुर्लक्षित पुस्तक, जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन. जिल्हा सांख्यिकी कार्यालय काढतं, मराठीतच असतं. पाऊस, पीकक्षेत्र, सिंचन, शाळा, दवाखाने, सगळं तालुकावार. दुष्काळाची वर्षं आणि स्थलांतर यांचा संबंध दाखवायला त्यातला तालुकावार पाऊस लागेलच.

---

दुरून_मिशिगन

मी मूळची अंबाजोगाईची, सध्या मिशिगनमध्ये सार्वजनिक आरोग्यात आहे. आरोग्याचं मी बघते.

गर्भाशय काढल्याचे वेगळे प्रश्न एनएफएचएसच्या चौथ्या फेरीपासून, २०१५-१६ पासून आहेत. कधी काढलं, सरकारी दवाखान्यात की खासगी, कारण काय. फॅक्टशीटमध्ये नाही दिसणार, त्यासाठी बायकांची मूळ फाइल घ्यावी लागते. देशाचा आकडा दोन्ही फेऱ्यांत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये तीन टक्क्यांच्या थोडा वर आहे. बीडमध्ये २०१९ ला ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं जे बाहेर आलं, ज्यावर नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली, त्याची तुलना सगळे या तीन टक्क्यांशी करतात. ती तुलना वयाचा विचार न करता करू नकोस. १५ वर्षांच्या मुली हिशेबात आल्या की टक्का आपोआप खाली येतो. तीस ते एकोणपन्नास वयाच्या, मुलं झालेल्या बायका वेगळ्या काढ आणि मग बघ.

आणि वर सर म्हणतायत तेच इथंही. पाचव्या फेरीचा पहिला टप्पा, ज्यात महाराष्ट्र होता, जून २०१९ ते जानेवारी २०२० असा झाला. म्हणजे काही काम हंगामाच्या आधी, काही हंगामात. मूळ फाइलमध्ये मुलाखतीचा महिना असतो, तो बघ. आणि या पद्धतीच्या सर्वेक्षणात जे घर लांबच्या काळासाठी बाहेर गेलंय ते प्रतिसादाचं प्रमाण काढताना हिशेबातच धरत नाहीत. त्यामुळे अहवालात ९७-९८ टक्के प्रतिसाद दिसला तरी त्यात कुलूपबंद घरं नाहीत. ज्या बाईबद्दल आपण लिहितोय तीच गळलेली असू शकते, आणि हे मला खरंच फार लागतं, कारण याच आकड्यांवर दवाखाने आणि योजना ठरतात.

डेटा डीएचएस या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रमाच्या साइटवरून मिळत आलाय, पण २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी थांबल्यावर तिथं सगळं विस्कळीत झालं. मिळतंय तेव्हा उतरवून दोन ठिकाणी ठेव. अहवाल देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या साइटवर आहेत.

अजून एक, आयएचडीएस, म्हणजे भारत मानव विकास सर्वेक्षण. मेरीलँड विद्यापीठ आणि एनसीएईआरचं. २००४-०५ ला ४१,५५४ घरं आणि २०११-१२ ला परत त्यातलीच बहुतेक घरं. तीच घरं पुन्हा भेटतात म्हणून बदल दाखवता येतो. आमच्याच विद्यापीठातल्या आयसीपीएसआर या डेटा संग्रहात ठेवलंय, भारतातून फुकट उतरवता येतं. बीडपुरतं बोलता येणार नाही पण हंगामी कामाला जाणारी घरं आणि त्यांच्यावरचं कर्ज हे नातं बघायला चांगलं आहे. उचलीचा, म्हणजे मजुरांनी आगाऊ घेतलेल्या पैशांचा, विषय तुझ्याकडे असणारच.

---

बालाघाटची_पोर

सगळ्यांचं वाचून डोकं भणभणलंय पण पहिल्यांदाच चॅप्टर कसा लिहायचा ते दिसायला लागलंय. एकच राहिलं, गाईडना एक एकूण आकडा लागणारच. आठ लाख का चौदा लाख, याचं काय करू?

---

आकडेमोड

कुणाचाही आकडा उचलू नकोस, स्वतः बांध, आणि बांधलेला कसा ते लिही. उसावरून मागे जा.

साखर आयुक्तालयाकडं कारखानावार गाळप असतं. २०२१-२२ च्या मोठ्या हंगामात राज्यात १३०० लाख टनांच्या वर ऊस गाळला गेला. सोयीसाठी १३०० धर. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो आणि १५० दिवस काम चालतं असं धरलं तर कोयत्यामागं ३०० टन. भागाकार केला तर साधारण ४ लाख ३३ हजार कोयते, म्हणजे ८ लाख ६६ हजार माणसं. आता फक्त एक गोष्ट बदल, दोनच्या जागी दीड टन धर. मग कोयत्यामागं २२५ टन, ५ लाख ७८ हजार कोयते, साडेअकरा लाख माणसं. पेपरातल्या आठ आणि बारा लाखांमधला फरक एवढ्याशा गृहीतकावर उभा राहू शकतो.

यातनं हार्वेस्टरने तोडलेला ऊस वजा करायचा, स्थानिक मजुरांनी तोडलेला वजा करायचा, आणि तो हंगाम नेहमीपेक्षा लांबला होता म्हणून दिवस वाढवून परत बघायचं. मुलं तर यात धरलेलीच नाहीत. कर्नाटकात गेलेलेही नाहीत. खालचा आकडा, वरचा आकडा आणि प्रत्येक गृहीतक कशावरून, असं टेबल कर. समितीत कुणी विचारलं तर उत्तर तयार.

---

उसाचा_पाचट

दिवसाला टन किती हे गाडी कोणती त्यावर आहे सर. बैलगाडीवाल्याचं वेगळं, डोकी सेंटरचं वेगळं, टायरगाडीचं वेगळं. डोकी सेंटरला मोळी डोक्यावर घेऊन ट्रकात चढवायची असते, रात्रीबेरात्री गाडी आली की उठायचं, तिथं बाईचा जीव जातो. दोन टन सरसकट धरू नका. ऊस पडका असला तर तेवढं होतच नाही. ताई तू टोळीत विचारशील तेव्हा तीनही सेंटरची वेगळी विचार, आणि मुकादमाला (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराला) नको विचारू, तो जास्तीच सांगणार. मुकादमाच्या वहीत टन असतात, कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या असतात, त्या बघायला मिळाल्या तर बघ.

---

आकडेमोड

हे फार मोलाचं सांगितलंत. सेंटरप्रमाणे वेगळा दर लावला की अंदाज कितीतरी घट्ट होईल. वजनकाट्याच्या पावत्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

---

स्टेटा_आणि_चहा

बीडपुरता कल दाखवायला अजून दोन आडवाटा. रोजगार हमीची ग्रामपंचायतवार महिनावार मागणी ऑनलाइन आहे, मागच्या कित्येक वर्षांची. तोडीला जाणाऱ्या गावात नोव्हेंबर ते मार्च मागणी कशी वागते आणि एप्रिल-मेमध्ये कशी वागते ते शेजारच्या न जाणाऱ्या गावाशी ताडून बघ. तसंच रेशन दुकानावरच्या ई-पॉस मशीनचे महिनावार व्यवहार. गावात उचललेलं धान्य हंगामात कमी झालं तर माणसं बाहेर आहेत याची खूण. तिकडे फडाजवळच्या दुकानात ते उचलतात का हा तर वेगळाच प्रश्न, कार्ड कुठंही चालतं म्हणतात पण चालतं का ते तुझ्या बायकांनाच विचार.

---

ग्रंथालयातली_काकू

ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या ओळखपत्रांचं कुणी लिहिलं नाही. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, ग्रामसेवकांमार्फत गावागावांत नोंदणी झालीये. समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात गाववार नोंदलेल्यांची संख्या माग. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज कर, पण अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहू नकोस. तालुका, वर्ष, गाववार संख्या, स्त्री-पुरुष वेगळे, आणि शक्य असेल तर एक्सेल स्वरूपात, एवढं नेमकं लिही. मकाम या महिला शेतकऱ्यांच्या मंचाने महिला ऊसतोड कामगारांवर केलेला अभ्यासही वाच, त्यांची प्रश्नावली तुला उपयोगी पडेल.

नोंदणीत बाईचं नाव वेगळं आलंय का नवऱ्याच्याच नावावर कुटुंब नोंदलंय, हे आधी बघ.

---

बालाघाटची_पोर

काकू, आमच्या गावातलं मला माहितीये, बऱ्याच घरांत फक्त गड्याचं नाव आहे. आईचंही नाही. आता हे गाववार मोजते, ओळखपत्र कुणाच्या नावाचं आणि कोयता कुणाच्या हातात असे दोन कॉलम करून.

सोमवारी गट साधन केंद्रात जातेय विद्यापीठाचं पत्र घेऊन. मास्तर, हंगामी वसतिगृहाच्या याद्या किती वर्षं जपून ठेवतात, काही अंदाज?

---

धारूरचे_मास्तर

कार्यालयात जुनं सापडेलच असं नाही, बदल्या होतात, कपाटं बदलतात. शाळेत मात्र मुख्याध्यापकाच्या फाइलीत स्थळप्रती असतात, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात ठराव असतो. आधी तीनचार शाळांत बघा आणि मग तालुक्याला अर्ज करा, म्हणजे कुठल्या वर्षाचं काय मागायचं ते कळेल. हजेरीपटही बघून घ्या, नोव्हेंबरच्या पानावर शिक्षकाने शेऱ्यात "स्थलांतरित" लिहिलेलं असतं.

सोमवारी केंद्रप्रमुखांची बैठक असते बहुतेक, मंगळवारी जा.